"हे बरोबर नाहीये" असं वाटलं की पुढे नेमकं काय करायचं

घरातली, ऑफिसातली, मित्रामित्रांतली भांडणं वरवर पैशावरून किंवा कामावरून असतात, पण जरा शांतपणे ऐकत बसलं की कळतं की माणूस पैशापेक्षा "हे बरोबर नाहीये" या गोष्टीवर जास्त पेटलेला आहे. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, समोरचाही त्याच वाक्यावर पेटलेला असतो. न्याय म्हणजे काय यावर माणसं अडीच हजार वर्षं डोकं लावतायत, त्यातलं बरंच काही कोर्टासाठी किंवा सरकारसाठी लिहिलंय असं आपण समजतो आणि सोडून देतो, पण त्यातली काही हत्यारं रोजच्या प्रश्नांना थेट लावता येतात आणि ती कशी लावायची तेच इथे लिहितोय.

मुद्दा एकच आहे माझा. रोजच्या आयुष्यात एक बाजू न्यायाची आणि दुसरी अन्यायाची असं क्वचित असतं. बहुतेक वेळा दोन्हीकडे न्यायाचाच एकेक खरा मुद्दा असतो, आणि आपलं डोकं आपल्या नकळत तोच मुद्दा उचलतं जो आपल्या सोयीचा आहे. हे वाईट माणसांचंच होतं असं नाही, सगळ्यांचं होतं. म्हणून नुसतं "मनाला विचारा" हा सल्ला अपुरा आहे, मनालाच तर सवय लागलीये.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

"माझ्यावर नेहमीच अन्याय होतो" हा प्रश्न नाही, ती भावना आहे. खरी असेल, पण तिच्यावर निर्णय घेता येत नाही. लिहायचं असं: कोणी, काय, कधीपर्यंत ठरवायचंय आणि त्याचा परिणाम कोणाकोणावर होणार. हे शेवटचं लोक हमखास विसरतात, कारण ज्याच्यावर परिणाम होणारे तो बऱ्याचदा त्या खोलीत नसतो.

मग बघायचं की प्रश्न वाटपाचा आहे की भरपाईचा. हा फरक ॲरिस्टॉटलने केलाय, त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात. वाटपात विचारायचं की कोणाला किती आणि कशाच्या हिशोबाने. भरपाईत विचारायचं की कोणाचं काय बिघडलं आणि ते परत जागेवर कसं आणायचं, तिथे तो स्पष्ट म्हणतो की चांगल्या माणसाने वाईट माणसाला फसवलं की वाईटाने चांगल्याला, त्याने फरक पडत नाही, नुकसान किती तेवढं बघायचं. आपण नेमकं इथेच घोळ घालतो. मित्राने आपला लॅपटॉप पाडला, प्रश्न भरपाईचा आहे, पण आपण लगेच "मी तुझ्यासाठी किती केलंय" सुरू करतो आणि तोही मग आपला हिशोब काढतो, आणि लॅपटॉप राहतो बाजूला.

तिसरा एक प्रकार असतो, पद्धतीचा. म्हणजे निर्णय ठीक असेल पण "मला विचारलंच नाही". १९७५ साली जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर या दोघांनी यावरचं आपलं संशोधन छापलं, त्यात दिसलं की आपलं म्हणणं मांडायला मिळालं तर निकाल विरोधात गेला तरी माणसं तो जास्त मान्य करतात. त्यामुळे कोणी चिडलं असेल तर आधी हे तपासा की तो वाट्यावर चिडलाय की न विचारण्यावर. न विचारण्यावर चिडलेल्याला वाट्याचा उपाय लावला तर वाटा वाढवूनही माणूस धुमसतच राहतो आणि आपण म्हणतो याला कितीही द्या, समाधानच नाही.

मापं वेगवेगळी आहेत हे मान्य करा

अमर्त्य सेन यांनी २००९ च्या पुस्तकात एक उदाहरण दिलंय, तीन मुलं आणि एक बासरी. एक मूल म्हणतं मला द्या, कारण आमच्यात फक्त मलाच वाजवता येते. दुसरं म्हणतं मला द्या, माझ्याकडे खेळायला काहीच नाहीये, हे दोघं माझ्यापेक्षा बरे आहेत. तिसरं म्हणतं अहो ती मी बनवलीये, कित्येक महिने खपून, आणि ती पुरी झाल्या झाल्या हे दोघं आले. एकेकाचंच ऐकलंत तर प्रत्येक वेळी वाटेल की याला द्यायलाच हवी. सेन यांचं म्हणणं असं की तिघांच्याही कारणांमागे खरी तत्त्वं आहेत, कोणी नुसता हट्ट करत नाहीये.

गरज, मेहनत, उपयोग ही तीन मापं झाली. त्यात आणखी दोन घाला, सगळ्यांना सारखं आणि दिलेला शब्द. रोजची नव्वद टक्के भांडणं या पाचात बसतात (हा टक्का माझा अंदाज, मोजलेला नाही). एक घेऊन बघू, कारण नुसती यादी वाचून काही हाती लागत नाही.

तीन भावंडं. आई अंथरुणाला खिळलेली. धाकटी आईजवळ राहते, तिने नोकरी अर्धवेळ करून घेतलीये. दादा दुसऱ्या शहरात, दर महिन्याला पैसे पाठवतो. ताईच्या स्वतःच्या मुलाचं मोठं आजारपण चालू आहे, तिच्याकडे ना वेळ ना पैसा. प्रश्न एका वाक्यात: पुढचे सहा महिने आईचं कोण काय करणार.

दादा म्हणतो, "खर्चाचा मोठा भाग मीच उचलतोय ना?"

धाकटी म्हणते, "दादा, पैसे पाठवतोस ते बरोबरच आहे, पण रात्री दोन वाजता आईची कूस बदलायला कोण उठतं?"

ताई म्हणते, "मला जमत नाहीये याचा अर्थ मला आईची पर्वा नाही असा काढू नका रे."

आता बघा, तिघंही खरं बोलतायत. दादा मेहनत मोजतोय पण पैशात, धाकटीही मेहनतच मोजतेय पण झोपेत आणि गेलेल्या पगारात, आणि ताई गरज आणि ऐपत या मापाने बोलतेय. वाद "कोणाचं आईवर जास्त प्रेम" इथे सरकला की संपलं सगळं, मग सहा महिने कोणी कोणाशी बोलत नाही. त्याऐवजी कोणीतरी एवढंच म्हणायला हवं की आपण तिघं वेगवेगळ्या पट्टीने मोजतोय, आधी पट्ट्या टेबलावर ठेवू. ऐकायला साधं वाटतं पण एवढ्याने आवाज खाली येतो, कारण "तू स्वार्थी आहेस" पेक्षा "तू पैसा मोजतोयस, मी रात्री मोजतेय" हे ऐकणं कोणालाही सोपं जातं.

न दिसणारं काम कागदावर आणा

इथे मी जरा थांबणारे, कारण माझ्या मते घरातला अर्धा अन्याय इथे लपलेला असतो. सुझन मोलर ओकिन या विदुषीने १९८९ साली हाच आक्षेप घेतला होता की न्यायावर मोठमोठे सिद्धांत मांडणारे पंडित कुटुंबाच्या दारापाशी थांबतात, आत सगळं न्याय्यच आहे असं धरून चालतात, आणि माणूस न्याय म्हणजे काय हे पहिल्यांदा शिकतो ते तर तिथेच.

कागद घ्या आणि कामं लिहा, पण "आईची काळजी" असं एका ओळीत नाही. औषधं देणं वेगळं आणि औषधं परवा संपणार आहेत हे लक्षात ठेवणं वेगळं. डॉक्टरांची वेळ घेणं, रिपोर्ट कुठल्या फाईलमध्ये आहे हे माहीत असणं, मदतनीस आली नाही तर पर्यायी माणूस शोधणं, आईचा मूड बिघडला की तासभर जवळ बसणं, नातेवाईकांच्या त्याच त्याच फोनना त्याच त्याच शब्दांत उत्तर देणं, आणि या सगळ्यात स्वतः आजारी न पडणं. लक्षात ठेवणं हेच मुळात एक काम आहे आणि ते वाटून घेता आलं नाही तर बाकीची कामं वाटूनही ओझं एकाच डोक्यावर राहतं. मला सांग, मी करतो, असं म्हणणारा चांगलाच असतो, पण सांगायचं काम अजून तिच्याकडेच आहे.

यादी झाली की प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता लिहायचं की एकूण कामातलं किती टक्के मी करतो. मग बेरीज करायची. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकॉली यांनी नवराबायकोंच्या जोड्यांना घरातल्या कामांबद्दल असंच विचारलं होतं, तर बहुतेक कामांत दोघांच्या आकड्यांची बेरीज शंभरच्या वर गेली. कोणी खोटं बोलत होतं असं नाही, आपण केलेलं आपल्याला ढळढळीत आठवतं आणि दुसऱ्याने केलेलं आपल्यासमोर घडलेलंच नसतं. तुमची बेरीज शंभरच्या किती वर गेली ते सगळ्यांनी मिळून बघा, कोणाला दोष न देता. हा एक आकडा तासभराच्या भाषणापेक्षा जास्त काम करतो.

मी कोण हे माहीत नसतं तर?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली मांडलेली कल्पना बऱ्याच जणांनी ऐकली असेल, अज्ञानाचा पडदा. समाजाचे नियम असे ठरवा की पडद्याआडून तुम्हाला दिसतच नाहीये की तुम्ही श्रीमंत निघणार की गरीब, बाई की पुरुष, धडधाकट की आजारी. त्यांनी हे अख्ख्या समाजाच्या रचनेसाठी म्हटलंय, सोसायटीच्या पार्किंगसाठी नाही, हे मान्य करूनच मी म्हणतो की छोट्या प्रश्नांना ही कल्पना फार उपयोगी पडते, फक्त ती डोक्यातल्या डोक्यात करू नका. डोक्यात आपण पडदा लावतो आणि फटीतून बघतो.

करायचं असं. प्रत्येक भूमिकेची चिठ्ठी लिहा: आईजवळ राहणारी, दूरवरून पैसे पाठवणारा, आजारी मुलाची आई. आता वाटप असं लिहा की उद्या सकाळी डोळे मिटून तुम्हाला यातली एक चिठ्ठी उचलायची आहे आणि सहा महिने तेच आयुष्य जगायचंय. दादाने प्रामाणिकपणे हे केलं तर पहिली गोष्ट त्याच्या लक्षात येईल ती म्हणजे पैसे पाठवणाऱ्याची चिठ्ठी आली तर झोप शाबूत राहते.

याला आधारही आहे. लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास एक प्रयोग छापला. एका खऱ्या अपघाताच्या खटल्याची कागदपत्रं लोकांना दिली आणि विचारलं की योग्य भरपाई किती. तू फिर्यादीकडून आहेस असं आधी सांगितलेले लोक मोठा आकडा सांगायचे, दुसऱ्या बाजूचे लहान, कागदपत्रं तीच. पण ज्यांना कागद वाचून झाल्यावर बाजू सांगितली त्यांच्यात तडजोड कितीतरी सहज झाली. म्हणजे बाजू आधी कळली की वाचनच तिरकं होतं. नंतर "मी आता तटस्थपणे विचार करतो" म्हणून उपयोग नाही, आत गेलेली माहितीच गाळून गेलेली असते.

पण खऱ्या आयुष्यात आपली बाजू आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते, मग काय? त्याच मंडळींनी पुढे एक उपाय तपासला आणि मला तो सगळ्यात आवडतो: बोलणी सुरू करायच्या आधी आपल्या बाजूतले कच्चे दुवे स्वतःच्या हाताने लिहून काढायचे. ज्यांनी हे केलं त्यांच्यात कोंडी कमी झाली. लक्षात घ्या, समोरच्याची बाजू समजून घे वगैरे मोघम सांगणं नाहीये हे, स्वतःच्या केसमधली भोकं लिहा असं आहे. धाकटी लिहू शकते की अर्धवेळ नोकरीचा निर्णय मी कोणाला न विचारता घेतला. दादा लिहू शकतो की मागच्या वर्षभरात मी आईकडे किती वेळा आलो हे मला आठवावं लागतंय. निदान तीन ओळी झाल्याशिवाय मीटिंगला बसायचं नाही.

वस्तू किंवा कामं वाटायची असतील तर एक जुना नियम आहेच, जो वाटे करतो तो शेवटी उचलतो. दोघांत तर हा उत्तमच चालतो, कारण वाटे करणाऱ्याला आपोआप पडदा लागतो.

ऐकायचं कसं

पडद्याचं एक दुखणं आहे. दुसऱ्याचं आयुष्य आपण आपल्याच डोळ्यांनी कल्पतो. "मी तिच्या जागी असतो तर मला एवढा त्रास झाला नसता" असं म्हणणारी माणसं तुम्हालाही माहीत असतील, आणि ती खरंच तसं मानतात. म्हणून विचारावं लागतं.

राजकीय विचारवंत ज्युडिथ श्क्लार यांनी १९९० मध्ये अन्यायावरच एक पुस्तक लिहिलं, त्यात त्यांचा मुद्दा असा की दुर्दैव कुठे संपतं आणि अन्याय कुठे सुरू होतो ही रेघ बहुतेकदा तो ओढतो ज्याला काही सोसायचं नसतं. "तुझं नशीब, आम्ही काय करणार" हे म्हणणं ज्याच्या सोयीचं, तोच ते म्हणतो. म्हणून ज्याला लागलंय त्याचं म्हणणं आधी ऐका. तो म्हणतो म्हणून सगळं बरोबर असं नाही, त्याचीही चूक होऊ शकते, पण सुरुवात तिथून.

पद्धत सोपी आहे आणि जड जाते. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. पहिल्या फटक्यात हे होत नाही. दादा म्हणेल "म्हणजे तुला थकवा येतोय", धाकटी म्हणेल नाही, थकवा नाही रे, मला भीती वाटते की रात्री काही झालं तर मी एकटी असेन आणि नंतर सगळे मला विचारतील. बघा, प्रश्नच बदलला. आता पैसे वाढवून उपयोग नाही, रात्री दुसरं माणूस हवं.

आणि स्वतःच्या भांडणात स्वतः जज होऊ नका. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही आणि आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश नाही, ही न्यायव्यवस्थेतली फार जुनी सूत्रं आहेत आणि ती घरालाही लागू आहेत. तिसरं माणूस आणायचं तर त्याच्याकडे दोघांनाही नको असलेलं काहीतरी बोलायची हिंमत हवी. सगळ्यांना बरं वाटेल असं बोलणारा नातलग आणू नका.

निर्णयाची परीक्षा

आता ठरवायचं. तत्त्वज्ञ टी. एम. स्कॅनलन यांची कसोटी घ्या, १९९८ च्या पुस्तकातली: ज्या नियमाला कोणीही रास्त कारणाने नकार देऊ शकणार नाही असा नियम शोधा. "सगळे खूश" असं नाही म्हटलेलं त्यांनी, आणि बहुमत तर अजिबात नाही. बहुमताने ठरलं तर दोघं मिळून तिसरीवर सगळं टाकतील आणि म्हणतील लोकशाही आहे. प्रत्येकाचा सगळ्यात दमदार आक्षेप समोर ठेवायचा आणि बघायचं की पर्यायी व्यवस्थेत कोणाचा आक्षेप याहून दमदार आहे का.

तिघांचं मग असं काहीतरी निघू शकतं. रात्रीच्या मदतनिसाचा खर्च दादाचा, आणि जे काम दूर बसून होतं ते पण त्याचंच, म्हणजे डॉक्टरांच्या वेळा, औषधांच्या ऑर्डरी, विम्याची कागदपत्रं, लक्षात ठेवण्यासकट. धाकटीचा जो पगार गेलाय त्यातला काही भाग आईच्या पैशातून, उघडपणे, लिहून. ताईकडे एकच छोटं काम पण नक्की तिचं, नातेवाईकांचे फोन सगळे तिच्याकडे. तिला यातून वगळणं दयाळूपणाचं वाटतं पण वगळलेल्या माणसाचा आवाजही जातो. आणि आईला विचारलंत का? आई शुद्धीवर असेल, बोलत असेल तर हे सगळं तिला आधी विचारायचं, तिच्याबद्दलच तर ठरतंय.

हे आदर्श नाहीये. सेन यांचा आग्रहच तो आहे की परिपूर्ण न्यायाचं चित्र पुरं व्हायची वाट बघत बसू नका, समोर जे पर्याय आहेत त्यातला कमी अन्यायाचा कुठला हे कळतं, तो घ्या. तारीख घालून लिहा, आणि सहा महिन्यांनी परत बसायची तारीखही आजच लिहा, नाहीतर तात्पुरती सोय कायमची होते आणि पुढे तोच हक्क ठरतो.

नियम मोडायची वेळ आली तर

प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादात अगदी सुरुवातीला एक प्रसंग येतो. शहाणा असताना मित्राने तुमच्याकडे शस्त्र ठेवायला दिलं, आता त्याचं डोकं फिरलंय आणि तो ते परत मागतोय, द्यायचं का? ज्याचं त्याला द्यावं हा नियम, पण कोणीही देणार नाही. म्हणजे अपवाद असतात. ॲरिस्टॉटलही म्हणतो की नियम सर्वसाधारण असतो आणि प्रसंग विशिष्ट, म्हणून लेस्बोस बेटावरचे गवंडी जशी शिशाची पट्टी वापरायचे जी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते, तशी सूट द्यावी लागते.

अडचण ही की अपवाद आपल्याला स्वतःसाठी फार लवकर सुचतात. म्हणून तीन गोष्टी विचारा. नियम ज्यासाठी केला तेच इथे नियमाने बिघडतंय का? ज्याचं तोंड बघायला मला आवडत नाही त्याला मी हीच सूट दिली असती का? आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना हे मी तोंडावर सांगू शकतो का? माझ्या अनुभवात बहुतेक अपवाद दुसऱ्या प्रश्नावर गळतात. तिसरा प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या जवळचा आहे. त्याने १७८५ साली खोट्या वचनाचं उदाहरण दिलं, परत करणार नाही हे माहीत असून "परत करतो" म्हणून पैसे घेणारा माणूस. सगळेच असं करायला लागले तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, म्हणजे तुमची लबाडी चालते ती बाकीचे प्रामाणिक आहेत म्हणून. छोट्या खोट्यालाही हेच लावून बघा. आजारी आहे सांगून सुट्टी घेतली तर तुमचं काम कोणाकडे गेलं आणि त्याला खरं सांगाल का.

राग किती आणि भरपाई किती

हे दोन वेगळे हिशोब आहेत. दोन जण गाडी चालवताना फोन बघतात, एक सुखरूप घरी जातो, दुसऱ्याच्या समोर माणूस येतो. निष्काळजीपणा तोच. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली या प्रश्नावर एकमेकांसमोर निबंध वाचले, नशिबाने घडलेल्या गोष्टीचं नैतिक ओझं किती, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण रोजच्यासाठी मी एवढं धरतो की दोष निष्काळजीपणाइतका द्यावा आणि भरपाई नुकसानाइतकी मागावी. सहकारी एक मेल पाठवायला विसरला आणि योगायोगाने मोठं काम हातचं गेलं तर नुकसान मोठं आहे, ते सावरायला त्याने जास्त राबावं हे रास्त आहे, पण त्याला नालायक ठरवू नका, कारण तशीच मेल तुम्हीही विसरला असाल आणि तुमच्या वेळी काही झालं नसेल.

बघत उभं राहणं

श्क्लार यांचा आणखी एक शब्द इथे लागतो, निष्क्रिय अन्याय. म्हणजे आपण काही केलं नाही, फक्त होऊ दिलं. मीटिंगमध्ये एकीचं काम दुसरा आपलं म्हणून सांगतोय आणि पाच जणांना माहीत आहे. इथे लगेच लढाई करायची गरज नसते, "हा भाग तिने केलाय, तीच सांगेल नीट" एवढं एक वाक्य, साध्या आवाजात, त्याच क्षणी. नंतर तिला जिन्यात गाठून "मला माहितीये हं तूच केलंस" म्हणणं हे तिच्यासाठी कमी आणि स्वतःच्या मनाला बरं वाटण्यासाठी जास्त असतं. नोकरी जाईल अशी भीती असेल तर प्रकरण वेगळं, तेव्हा एकट्याने बोलू नका, तारखांसकट नोंद ठेवा, आणखी दोघं सोबत घ्या.

अनोळखी लोकांना मदत किती करायची यावर तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा १९७२ चा निबंध आहे, उथळ तळ्यात बुडणारं मूल दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबणार नाही, मग दूरच्या मुलासाठी का थांबता. अंतर हे कारण होऊ शकत नाही हे मला पटतं. पण प्रत्येक बातमीगणिक अपराधी वाटून कधी देणं कधी न देणं यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला आपला एक हिस्सा ठरवा आणि तो निमूट द्या.

कुठे ही पद्धत वापरायची नाही

दोन जागा आहेत. एक, जिथे मोजणंच चुकीचं आहे. विल्यम्स यांचं म्हणणं आहे की दोघं बुडतायत, त्यातली एक तुमची बायको आहे, आणि तिला वाचवण्याआधी तुम्ही "अशा प्रसंगी बायकोला वाचवणं नैतिकदृष्ट्या चालेल का" असा विचार केलात तर तो एक विचार जास्तच झाला. मित्र रडत आला तर त्याच्याजवळ बसा, मागच्या वेळी तो आला होता का हे आठवू नका.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची. जिथे एक जण दुसऱ्याला घाबरून गप्प आहे तिथे चिठ्ठ्या, टक्के, कच्चे दुवे यातलं काहीही चालत नाही, उलट घाबरलेला माणूस स्वतःचेच दोष लिहून देतो आणि तोच कागद पुढे त्याच्यावर वापरला जातो. मारहाण, धमकी, पैसे काढून घेणं, फोन तपासणं असं काही चालू असेल तर समोरासमोर बसवून "दोघांचं ऐकू" म्हणू नका. आधी त्या माणसाला तिथून बाहेर, सुरक्षित जागी, एकट्याने बोलता येईल असं करा, ओळखीच्या वकिलाशी किंवा हेल्पलाईनशी गाठ घालून द्या, आणि तो काय म्हणतो, त्याला पुढे काय हवंय, ते त्याच्या वेळेने ऐका. हे होईपर्यंत दुसऱ्या बाजूला काही कळवायचं नाही.